चौरंगावरचं झाड

उत्कर्षानं एखादी वस्तू घ्यायची म्हणजे ती वस्तू आधी रडकुंडीला यायची. मिक्सर घेताना तिनं दुकानदाराला अख्खी हळकुंडं टाकून तो चालवायला लावला होता. आईच्या चपला घेताना दुकानाची फरशी ओली करवून स्वतः तिच्यावरून चालून पाहिलं होतं. हिंजवडीच्या कंपनीत तिचं कामच ते होतं. दुसऱ्यांनी बनवलेली सॉफ्टवेअर चालवून बघायची आणि त्यांतल्या खोटी शोधायच्या. खोट काढण्याचा पगार मिळायला लागला की सवय घरापर्यंत येतेच. आई म्हणायची, हिला स्थळ दाखवायला नेलं तर मुलाला बंद करून पुन्हा चालू करून बघेल.

त्यामुळे दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात तिनं बाबांसाठी पुस्तकं वाचायचं यंत्र घ्यायचं ठरवलं, तेव्हा पुण्यातल्या दुकानदारांचं काही खरं नव्हतं.

बाबा, म्हणजे कोंडीराम, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचा सगळा जन्म दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत गेला. उत्कर्षाला नोकरी लागली, धायरीला दोन खोल्यांचा फ्लॅट झाला, वस्ती सुटली, पण वस्तीतलं विहार काही सुटलं नाही. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, तिथं रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होई. समोर पांढरं कापड घातलेला चौरंग, चौरंगावर ग्रंथ, आणि चौरंगामागे पांढऱ्या सदऱ्यातले बाबा. उत्कर्षाला आठवतं तेव्हापासून वाचणारे तेच होते. बाबांनी आयुष्यात दुसरा मान कधी मागितला नाही, आणि हा मात्र कुणाला द्यायचा विचारही त्यांच्या मनाला शिवला नव्हता. ऑफिसात साहेबासमोर खालच्या आवाजात बोलणारा हा माणूस चौरंगामागे बसला की पार पुलापर्यंत ऐकू जाई.

मे महिन्यातल्या एका रविवारी उत्कर्षा आंघोळ करून बाहेर येत होती आणि बाबा गॅलरीत आईला सांगत होते, "यंदा वाचनाचं काही खरं नाही, सुशीला."

"होईल हो. मी आहे ना," आई म्हणाली.

उत्कर्षानं तेवढंच ऐकलं आणि बाकीचं स्वतःच जुळवलं. बाबांची नजर कमी झालीय हे तिला माहीत होतं. अडीच वर्षांपूर्वी, दिवाळीत, तिनंच विचारलं होतं, "चष्म्याचा नंबर वाढलाय का हो बाबा?" बाबा म्हणाले होते, "नजर उतरलीय खरी." दुसऱ्या दिवशी तिनं आईजवळ पैसे दिले, आई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली, नवा चष्मा आला. विषय संपला, असं तिला वाटलं होतं. आता तो चष्माही पुरत नाही म्हणजे अक्षर मोठं हवं. ग्रंथाचं अक्षर तर मोठं करता येत नाही. पण यंत्रावर येतं. बाबांचा चौरंग जाता कामा नये, एवढं एकच तिच्या मनानं घेतलं, आणि ते अगदी खरं होतं. तिचं बापावर फार प्रेम होतं. फक्त ते प्रेम सकाळी सातच्या कंपनीच्या बसनं जाई आणि रात्री जेवणं झाल्यावर घरी येई.

यंत्रं तीन तऱ्हेची होती. एक टॅबलेट, ज्यावर सिनेमाही दिसतो. त्याचा पडदा इतका चकाकायचा की अर्ध्या तासात तिच्याच डोळ्यांना पाणी आलं. दुसरं कागदासारख्या राखाडी पडद्याचं. डोळ्याला शांत, पण संध्याकाळच्या अंधुक उजेडात त्यातलं काही दिसेना, आणि विहारातली ट्यूबलाइट मनात येईल तेव्हा पेटणारी. तिसरं त्याच कागदी पडद्याचं, पण आतून मंद उजेड असलेलं. ती तपकीर गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका दुकानात तीनदा गेली. प्रत्येक वेळी तिन्ही यंत्रं काऊंटरवर मांडून ती अक्षर लहान करी, मोठं करी, यंत्र उभं धरी, आडवं धरी, बाहेर उन्हात घेऊन जाई.

तिसऱ्या खेपेला दुकानदारानं चहाचा कप खाली ठेवला. "ताई, आपण गिऱ्हाईक आहात की तपासणीला आला आहात?"

"वडिलांसाठी घ्यायचंय."

"मग वडिलांना आणा."

"त्यांना सरप्राइज द्यायचंय."

"अस्सं. डोळे त्यांचे आणि पसंती तुमची. चष्म्याच्या दुकानात नका हो जाऊ अशा."

उत्कर्षाला राग आला. हेच वाक्य ती कंपनीत दर आठवड्याला निराळ्या शब्दांत सांगत असे: ज्याला वस्तू वापरायचीय त्याच्या हातात देऊन बघितल्याशिवाय ती तपासली असं म्हणायचं नाही. पण कंपनीतलं शहाणपण घरच्या माणसांना लावायचं असतं हे कुणाच्या लक्षात येतं! तिनं आतून उजेड असलेलं यंत्र घेतलं आणि पावती पर्समध्ये टाकली.

यंत्र मिळालं, पण त्यात घालायला ग्रंथ हवा होता. विहाराच्या कमिटीचा चिटणीस सुदर्शन बँकेत होता. त्यानं हौसेनं अख्खा ग्रंथ संगणकावर चढवलेला होता, तो त्यानं लगेच दिला. यंत्रात घातल्यावर जोडाक्षरं मोडली आणि वेलांट्या आपापली अक्षरं सोडून शेजारी जाऊन बसल्या. मग उत्कर्षा रोज जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून पानामागून पान दुरुस्त करत बसली. मैत्रिणी हसायच्या. तिला बरं वाटायचं. लहानपणी विहारात बाबांच्या आवाजात झोप लागायची, त्यामुळे ग्रंथातलं काही कधी पूर्ण ऐकलंच नव्हतं. आता कळत होतं की बाबा इतकी वर्षं काय वाचत होते.

यंत्राची एक खोड तिच्या नजरेतून सुटली नाही. दहा मिनिटं पडद्याला हात लागला नाही की ते झोपी जाई, आणि अक्षरं जाऊन तिथं आपोआप एका झाडाचं चित्र येई. ही सोय बंद करायला कुठं जागाच नव्हती. उत्कर्षानं विचार केला. सगळ्यांत मोठं अक्षर ठेवलं तर पडद्यावर जेमतेम सात-आठ ओळी मावतात. एवढ्या ओळी वाचायला असा कितीसा वेळ लागणार? पुढचं पान हवं म्हणून वाचणारा पडद्याला हात लावणारच. म्हणजे वाचणारा माणूस समोर असेपर्यंत हे यंत्र झोपायची भीती नाही. तिचा हिशेब बिनचूक होता.

आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिनं यंत्र बाबांच्या हातात ठेवलं.

बाबांनी ते तळहातावर तोललं, कडेवरून अंगठा फिरवला. "हलकं आहे गं. ग्रंथ उचलायचा तर मनगट दुखतं माझं."

"अक्षर कसं दिसतंय? याहून मोठं होत नाही, पण पुरेल ना?"

"तू केलंयस ना? मग चांगलंच केलं असशील."

"पान उलटायला इथं उजवीकडे नुसतं बोट टेकवायचं." तिनं त्यांचं बोट धरून टेकवून दाखवलं. "आलं लक्षात?"

"आलं."

स्वयंपाकघराच्या दारात आई पदराला हात पुसत उभी होती. ती म्हणाली, "अगं, पुस्तकच राहू दे ना त्यांना. सवयीचं आहे."

"आई, तुला त्यातलं कळत नाही, उगाच मधे बोलू नकोस."

आई आत गेली. बाबांनी "दिसतं" असं एकदाही म्हटलं नव्हतं. कंपनीत कुणी अशी उत्तरं दिली असती, तर उत्कर्षानं त्याला खुर्चीवरून उठू दिलं नसतं. पण बाबांच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि तिला जे बघायचं होतं ते दिसलं होतं. शिवाय सुदर्शननं विहाराच्या फळ्यावर खडूनं लिहूनही टाकलं होतं, की यंदा वाचन नव्या पद्धतीनं होईल, सर्वांनी वेळेवर यावे, नेहमीप्रमाणे उशिरा येऊ नये.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा काढली. तिघं रिक्षानं विहारात गेली. आईच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि ती जड दिसत होती, पण उत्कर्षानं त्यात काय आहे ते विचारलं नाही. विहार भरलं होतं. पांढरी लुगडी, पांढऱ्या साड्या, इस्त्रीचे सदरे. बाबा सावकाश चालत पुढं गेले, कुणाच्या जयभीमला थांबून उत्तर देत, कुणाच्या खांद्यावर हात ठेवत. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लागल्या. सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. उत्कर्षानंही ते सगळ्यांबरोबर म्हटलं.

मग बाबा चौरंगामागे बसले. चौरंगावर ग्रंथाऐवजी ते राखाडी यंत्र होतं आणि शेजारी माइक. बाबांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.

उत्कर्षा बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत, आईला चिकटून बसली होती. तिथून तिला यंत्राची फक्त पाठ दिसत होती. बाबांचा आवाज लागला होता. कुठं अडखळणं नाही, कुठं ओळ हरवणं नाही. त्यांचं बोट पडद्यावर ओळीमागून ओळ सरकत होतं, आणि मधूनमधून ते उजवीकडे कडेला बोट टेकवत होते, अगदी तिनं दाखवलं होतं तसं. तिनं आईचा हात धरला. आईचा हात गार होता.

वाचन अर्ध्यावर आलं असेल, तेव्हा सरुबाई उठली. ही वस्तीतली सगळ्यांत म्हातारी उपासिका. तिची सून दवाखान्यात रात्रपाळीला जायची, म्हणून सरुबाई रोज अर्ध्यातूनच घरी निघायची. पण निघण्याआधी पुढं येऊन ग्रंथाला डोकं टेकवल्याशिवाय तिचा पाय विहाराबाहेर पडत नसे. तिला अक्षर येत नव्हतं. बाबा म्हणायचे, ग्रंथ सगळ्यांत नीट सरुबाई ऐकते. ती जवळ आली की ते वाचन न थांबवता पुस्तक जरा पुढं सरकवत.

त्या दिवशीही त्यांनी यंत्र जरा पुढं सरकवलं आणि वाचत राहिले. सरुबाई गुडघ्यावर हात ठेवून वाकली. डोकं टेकवण्याआधी तिनं त्या नव्या वस्तूकडे निरखून पाहिलं. बाबांचं बोट ओळ धरून चाललं होतं.

"दादा," ती म्हणाली, "ह्याच्यात तर झाड हाय."

बाबा थांबले.

"मला वाचाय येत न्हाई, पर झाड कळतं की. हे झाडच हाय. तुमी कुठलं वाचताय?"

माइक चालू होता. मागल्या रांगेत कुणीतरी हसलं. त्याच्यामागे आणखी दोघंतिघं हसली, आणि मग ते हसू आपोआप विझलं, कारण बाबांचं बोट अजून त्या झाडावरच होतं आणि त्यांनी खाली पाहिलंच नव्हतं.

उत्कर्षाला सगळं एकदम कळलं. यंत्र झोपलं होतं. म्हणजे दहा मिनिटं पडद्याला बोट लागलेलं नव्हतं. बाबांचं बोट काचेला न टेकता नुसतं वरच्या वर सरकत होतं, आणि पान उलटायला ते ज्या कडेवर टेकवत होते ती पडद्याची नव्हे, भोवतालच्या प्लॅस्टिकची होती. दोन्हींतला फरक त्यांना दिसत नव्हता. त्यांना काहीच दिसत नव्हतं. त्यांनी तिचं एकही अक्षर वाचलेलं नव्हतं, आणि तरी एकही शब्द चुकवला नव्हता.

ती ताडकन उठली आणि चौरंगापाशी गेली. "चार्जिंग संपलं," ती मोठ्यानं म्हणाली. "आत्ता, या क्षणाला गेलं. मघापर्यंत अक्षरं होती. मी स्वतः बघितलीत. बाबा बघूनच वाचत होते."

सरुबाई गोंधळून म्हणाली, "आसंल बाई. मला काय कळतंय त्यातलं."

तिथंच मिटलं असतं. सगळ्यांनी मान डोलावली होती, सुदर्शन वायर शोधायला उठला होता. पण बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांनी मान वळवली, आणि उत्कर्षाकडे न बघता तिच्या जरा बाजूला बघितलं. आपला बाप हल्ली असंच बघतो, हे तिच्या तेव्हा कुठं ध्यानात आलं.

"उत्कर्षा, मघाशी आपण सगळ्यांनी मिळून चौथं काय म्हटलं?"

तिनं यंत्र चौरंगावरून उचललं.

"तू माझ्यासाठी बोललीस, ते कळतं मला. पण या जागेत बोललीस." मग त्यांनी माइक जवळ ओढला. "चार्जिंग वगैरे काही संपलेलं नाही. मला दिसत नाही. डोळ्याचा मागचा पडदा गेलाय, तो परत येत नाही म्हणतात. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. गेली दोन वर्षं मी इथं वाचत नव्हतो. पाठ केलेलं म्हणत होतो."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "मग पाठ तर पाठ, दादा. एवढा ग्रंथ कुणाला पाठ आहे? तुम्हीच म्हणत जा." बऱ्याच जणांनी "हो, हो" केलं. सुदर्शन म्हणाला, "दादा, आमची काही हरकत नाही. कमिटीतर्फे सांगतो."

"आनि मला तर दोन्ही सारखंच," सरुबाई रडवेली होऊन म्हणाली. "तुमी बघून म्हना, न बघता म्हना."

"तुम्हाला सारखं आहे, म्हणूनच नको, सरुबाई," बाबा म्हणाले. "ज्याला अक्षर येत नाही त्याला फसवायला काय लागतं? आपल्या बापजाद्यांना पाठ म्हणून दाखवणारेच भेटले. पुस्तकात खरंच तसं आहे का, हे बघायची सोय नव्हती. म्हणून आपण पुस्तक मधे ठेवून वाचायला लागलो. कुणालाही उठून बघता यावं, की हा माणूस आहे तेच वाचतोय. तुम्ही आज उठून बघितलंत. बरोबर केलंत. मी एक शब्द इकडचा तिकडं केला नाही, एवढं मात्र खरं माना."

आईनं पिशवीतून ग्रंथ काढला. तो आणला होता तिनं. तिनं तो चौरंगावर ठेवला, उघडला, आणि पान शोधायला तिला क्षणही लागला नाही. बाबा चौरंगाला धरून उठले. "सुदर्शन, बस," ते म्हणाले. सुदर्शन बसला. त्याचा आवाज बारीक होता. बाबा भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभे राहिले.

घरी आल्यावर बाबा न जेवता आडवे झाले. उत्कर्षानं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि आईवर सगळा राग काढला. "मला का नाही सांगितलंत? मी कोण आहे या घरात?"

आईनं तवा उतरवून ठेवला. "तू विचारलंस कुठं? तू चष्म्याचा नंबर विचारलास."

मग तिनं सांगितलं. उत्कर्षा ऑफिसला गेली की दुपारी दोघं गॅलरीत बसायची. आई ग्रंथातलं त्या संध्याकाळचं वाचायची, बाबा ऐकायचे, मग म्हणून दाखवायचे. पान संपलं की आई "पान" म्हणायची, म्हणजे संध्याकाळी पुस्तकाचं पान कुठल्या शब्दाला उलटायचं तेही त्यांना कळायचं. आईला लग्न होऊन आली तेव्हा अक्षर येत नव्हतं. बाबांनीच तिला शिकवलं, याच ग्रंथावर बोट ठेवून. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी बाबा तिला म्हणाले होते, एवढं वर्ष कर, पुढल्या वर्षी मीच सांगतो सगळ्यांना. पुढल्या वर्षीही त्यांच्यानं सांगवलं नाही. "यंदा ते सांगणारच होते," आई म्हणाली. "त्या दिवशी गॅलरीत तेच चाललं होतं आमचं. पण स्वतःहून सांगणार होते गं. ते यंत्र आणलंस, आणि तुझा चेहरा किती आनंदात आहे ते मी त्यांना सांगितलं. मग त्यांना बोलवेना."

उत्कर्षा ओट्याला टेकून लहान मुलीसारखी रडली. रात्रीचं जेवण कुणाचंच झालं नाही.

पुढचे दिवस कसेबसे गेले. तिनं इंटरनेटवर आणखी यंत्रं शोधली, मोठ्यानं वाचून दाखवणारी, आणि कुणाला काही न सांगता शोध बंद केला. बाबा विहारात जायचे थांबले. वाचनाची वेळ झाली की ते गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहत. दुपारचं वाचनही थांबलं होतं. आई म्हणाली, आता पाठ करून काय करू म्हणतात. बोलके असे ते कधीच नव्हते, पण आता त्यांचा तो विहारातला आवाजही घरातून गेला आणि मगच उत्कर्षाला कळलं की एवढी वर्षं घर त्या आवाजावर चाललं होतं. यंत्र कपाटात पडून होतं. त्याची बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते असं जाहिरातीत म्हटलं होतं. उत्कर्षानं एकदा कपाट उघडून बघितलं तर ते खरं निघालं.

अश्विन पौर्णिमेला, वाचन समाप्तीच्या दिवशी, सुदर्शन स्वतः धायरीला न्यायला आला. "दादा, तुम्ही नसाल तर समाप्ती कसली," म्हणाला. बाबा गेले. पुढं बसायचं नाही म्हणाले. मागं भिंतीकडेला सरुबाई बसली होती, तिच्याशेजारी सतरंजीवर ते बसले. उत्कर्षा त्यांच्या दुसऱ्या बाजूला.

सरुबाईनं त्यांचा हात हातात घेतला. "माज्यामुळं झालं, दादा. मी मेली कशाला बोलले."

"तुम्हाला दिसलं ते तुम्ही सांगितलंत."

सुदर्शन आता बरा वाचायला लागला होता. मधे एक ओळ त्यानं गाळली. उत्कर्षाला ती कळली, कारण तिनं ती स्वतः दुरुस्त केलेली होती. तिनं बाबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, ते तिथं अडले. त्यांनी काही सांगितलं नाही. सुदर्शन पुढं गेला आणि त्यांचे ओठ पुन्हा हलायला लागले. पान संपलं तसा त्यांच्या मांडीवरचा हात उलटला.

परत येताना आई विहारातच खिरीची भांडी आवरायला थांबली. रिक्षात दोघंच होती. राजाराम पुलापाशी गर्दीत रिक्षा उभी राहिली, तेव्हा बाबा म्हणाले, "एक विचारू का तुला? बरेच दिवस मनात आहे."

"विचारा ना."

"त्या दिवशी यंत्रात झाड आलं होतं ना. सरुबाई म्हणाली ते. कसलं होतं?"

उत्कर्षाच्या डोळ्यांपुढे ते चित्र आलं. कुठल्यातरी थंड मुलखातलं, उंच सरळ खोडाचं, निमुळत्या शेंड्याचं झाड.

"पिंपळ होता का गं?" बाबांनी विचारलं.

त्यांनी चेहरा तिच्याकडे वळवला होता, आणि तिच्या कानाच्या रोखानं ते बघत होते. "हो" म्हणायला काही लागत नव्हतं. ज्याच्या सावलीत बुद्धांना बोधी झाली ते झाड आपल्या बोटाखाली होतं, एवढं या माणसाला देता आलं असतं. रिक्षात तिसरं कुणी नव्हतं, आणि त्यांना बघता येणार नव्हतं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "परदेशातलं कसलंतरी झाड आहे. पिंपळ नव्हता."

बाबांनी मान हलवली. रिक्षा सुरू झाली, पूल मागे पडला, विठ्ठलवाडीही गेली. ते समोर बघत बसले होते. मग हळूच म्हणाले, "मी आपला पिंपळच धरून चाललो होतो."